पंख्याची वाट पाहताना

सकाळी सहाला या. गाडी आदल्या रात्रीच अंगणात, उघड्यावर लावून ठेवा. बंद शेडमध्ये धूर कोंडतो आणि तो जिवावर बेततो. बॉनेट उघडून इंजिनावर तळहात ठेवला तर ते पाट्यासारखे गार लागायला हवे. बुलढाणा शहरात एप्रिलच्या पहाटेही हवेत थोडा गारवा उरलेला असतो. घाटाखाली, नांदुरा-मलकापूरकडे, तेवढा नसतो, पण दिवसातली सर्वांत शांत वेळ तिथेही हीच.

एक स्टूल घ्या. गाडीच्या तोंडाशी, पण जरा बाजूला बसा. हातात पाना नको. फोन खिशात राहू द्या. आज काही खोलायचे नाही, काही बदलायचे नाही. आपल्याकडे अर्धा-पाऊण तास आहे आणि त्यात एकच काम आहे, रेडिएटरचा पंखा कधी फिरतो ते पाहायचे.

माझ्यापुढे १९९६ सालची मारुती ८०० आहे. वडिलांनी घेतली, मी सांभाळली. तुमच्यापुढे झेन असेल, सँट्रो असेल, इंडिका असेल. गाडी जुनी झाली आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला की गॅरेजमध्ये जाऊन आपण एवढेच सांगतो, "गाडी हीट मारते." हे वाक्य मीही कितीतरी वर्षे बोललो. ते खोटे नाही, पण त्यात कुठे, कधी, किती वेळाने, यातले काहीच नाही. म्हणून ते क्षणभर बाजूला ठेवा. डोळे मिटा आणि आठवा: शेवटच्या वेळी काटा वर गेला तेव्हा तुम्ही कुठे होता?

शेगावला असाल, गर्दीच्या दिवशी. गाड्यांची लांब रांग, पहिला गिअर, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर. काटा मधल्या रेघेवरून हळूहळू वर निघाला. मग गर्दी मागे पडली, खामगावच्या रस्त्याला लागलात, गाडीने जरा वेग घेतला आणि काही न करता काटा खाली आला. असे आठवत असेल तर अर्धे निदान तुमच्या आठवणीतच झाले आहे. चालत्या गाडीत समोरचा वारा आपणहून रेडिएटरमधून घुसतो, तिथे पंख्याची गरज फारशी उरत नाही. उभ्या गाडीला तो वारा मिळत नाही, पंख्याने ओढून आणावा लागतो. उभी असताना गरम, चालताना गार, तर संशय पंख्यावर, त्याच्या वायरींवर किंवा त्याला हुकूम देणाऱ्या स्विचवर.

उलटेही आठवू शकेल. समृद्धी महामार्गावर मेहकर सोडून सिंदखेड राजाच्या दिशेने निघालात, रस्ता मोकळा, वारा भरपूर, आणि तरी काटा चढत गेला. मग पंख्याला बोल लावू नका. पाणी कमी असेल, रेडिएटर आतून बुजला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, वॉटर पंप थकला असेल, किंवा सगळ्यांत नको असलेली गोष्ट, हेड गॅसकेट गेले असेल.

आणि राजूर घाट आठवत असेल तर? मोताळ्याहून वर येताना मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ, पुढे मालाने भरलेला ट्रक, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, खिडकीतून येणारा वारा भट्टीचा. घाटात इंजिनाला सर्वांत जास्त राबावे लागते आणि वारा सर्वांत कमी मिळतो. थोडासा बुजलेला रेडिएटर आणि थोडासा अशक्त पंखा सपाटीवर एकमेकांना सांभाळून घेतात. घाटात दोघांचेही झाकलेले उघडे पडते. त्यामुळे नुसते 'घाटात तापते' एवढ्यावरून मी कधी निष्कर्ष काढत नाही. आपण जिल्ह्याचे दोन भाग करतो, घाटावर आणि घाटाखाली. पिके वेगळी, पाणी वेगळे, बोलण्याचा हेलही वेगळा. जुन्या गाडीला ही वाटणी माणसांपेक्षाही नीट कळते. बोथा घाट असो की राजूर घाट, ती रेघ ओलांडताना तिची परीक्षा होते.

आठवण मनात नीट बसू द्या. घाई नाही.

आता डोळे उघडा आणि रेडिएटरचे झाकण उघडा. आत्ता, गार असतानाच. पुढे गाडी तापल्यावर या झाकणाला हात लावायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. आत वाका. पाणी गळ्यापर्यंत आहे का? रंग कोणता? कूलंटचा हिरवा किंवा लाल असेल तर बरे. चहासारखे तांबूस असेल तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग दिसला तर गाडी सुरूच करू नका, तो विषय पंख्याचा नाही. आणि गळ्याच्या आतल्या कडेला बोट फिरवा. पांढरा, खरखरीत थर लागतो का?

या थरापाशी थांबू, कारण तो आपल्या मातीतला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती-अकोल्यापासून आपल्या शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोदपर्यंत खारपाणपट्टा पसरला आहे. विहिरीला पाणी लागते, बोअरलाही लागते, पण ते तोंडात धरवत नाही. त्या पट्ट्यातल्या गावांत किडनीच्या आजाराने माणसे गमावलेली घरे आहेत. पिण्याच्या एका घागरीसाठी तिथल्या बायांनी काय सोसले हे मला इथे दोन ओळींत सांगता येणार नाही. आणि तेच पाणी, रस्त्यात गाडी तापली की, जवळच्या हापशीवरून कॅन भरून आपण रेडिएटरमध्ये ओततो. पाणी दिसायला स्वच्छ असते, पण तापले की त्यातले क्षार नळ्यांच्या भिंतींना धरतात, जसे पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाला धरतात. रेडिएटरच्या नळ्या चपट्या आणि बारीक असतात. थर जाड झाला की उष्णता आतल्या आत अडते. खारेपणा हेडच्या ॲल्युमिनिअमलाही खातो. मग पंखा फिरतो, जीव तोडून फिरतो, आणि काटा काही खाली येत नाही. लोक पंखा बदलतात. दुसराही तसाच फिरतो.

अडचणीच्या वेळी मिळेल ते पाणी घाला, त्यावाचून इंजिन जळण्यापेक्षा ते बरे. घरी आल्यावर मात्र ते काढून टाका. रेडिएटर धुऊन घ्या आणि बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे भरा. कूलंट म्हणजे रंगीत पाणी आणि आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून ते नको, असे मी पूर्वी ऐकत आलो. ते बर्फासाठी जेवढे, तेवढेच गंजासाठी आणि उकळण्यासाठीही असते.

झाकण परत लावण्यापूर्वी उलटे करून पाहा. खाली स्प्रिंग आहे, रबर आहे. रबर चिरले असेल तर झाकण फक्त झाकते, दाब धरत नाही. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. गाडीचे पाणी ९० अंशांच्या पुढे रोजच जाते. चांगले झाकण आत दाब धरते म्हणून तेच पाणी ११५ अंशांच्या पुढपर्यंत उकळत नाही. स्वयंपाकघरातल्या कुकरचीच ही विद्या. पंखा ठीक, रेडिएटर ठीक, आणि गाडी तरी पाणी फेकते, असे असेल तर हे छोटे झाकण बदलून पाहावे.

लावा झाकण. रेडिएटरच्या शेजारी पाण्याची एक पांढरी बाटली असते, तिच्यावर आतल्या पाण्याच्या रेषेशी पेनाने खूण करा. आता चावी फिरवा आणि परत येऊन बसा.

ऐका. गार इंजिनाचा आवाज किंचित जाड असतो. मिनिटाभरात तो निवळतो. पंखा स्थिर आहे, आणि तो स्थिरच असायला हवा. चावी फिरवल्याबरोबर पंखा फिरू लागला तर बहुधा कोणीतरी आधीच त्याच्यात हात घातला आहे. त्याबद्दल पुढे बोलू.

पाच मिनिटे होत आली. वरचा मोठा होज पाइप अजून गार लागेल. इंजिनातले पाणी आतल्या आत फिरते आहे, रेडिएटरचे दार बंद आहे. त्या दाराचे नाव थर्मोस्टॅट. आत मेणाची एक डबी असते, मेण तापून फुगले की दार उघडते, बहुतेक जुन्या गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान. इंजिनाला गार राहायचे नसते, हे मला उशिरा समजले. त्याला ठरावीक उष्ण राहायचे असते. तेल त्याच उष्णतेत नीट पसरते, पेट्रोल त्याच उष्णतेत नीट जळते. आपण जाळलेल्या पेट्रोलमधून ढोबळमानाने एक तृतीयांश शक्ती गाडी ओढायला लागते. जवळपास तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली बरीचशी या पाण्यावर येऊन पडते.

ती उष्णता हवेत सोडायची कशी, या प्रश्नावर मोटारी बनवणारे सुरुवातीला फार अडले होते. जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने १९०० साली मर्सिडीजच्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. आठ हजारांहून जास्त बारीक नळकांडी एकत्र जोडलेली, आणि मागे वारा ओढायला पंखा. तुमच्या समोर आत्ता जे आहे ते त्याच कुळातले. पुढे अनेक वर्षे पंखा पट्ट्यावर चालला. आपल्या अँबेसिडरचा, पद्मिनीचा, जीपचा पंखा इंजिनाला बांधलेला असायचा. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखाही मंद. म्हणजे हमरस्त्यावर, जिथे वारा फुकट मिळतो, तिथे तो खूप राबायचा आणि बाजारपेठेत, जिथे त्याची खरी गरज, तिथे सुस्तावायचा. तुमच्याकडे तशी गाडी असेल तर आजचे निदान सोपे आहे: पट्टा सैल झालाय का, चकाकतोय का, पाती तुटली आहेत का, एवढे पाहा. सुमोसारख्या गाडीत पंख्याच्या मधोमध चिकट तेलाचा क्लच असतो. इंजिन बंद आणि गार असताना हाताने पाते ढकलले तर ते किंचित अडखळत फिरायला हवे, भिंगरीसारखे गरगरले तर क्लच गेला.

मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला ग्राहकाच्या हाती पडली आणि शेवटची २०१४ च्या जानेवारीत तयार झाली. तिचे ७९६ सीसीचे इंजिन आडवे बसवलेले. आडव्या इंजिनाचा पट्टा गाडीच्या कुशीकडे तोंड करून असतो, समोरच्या रेडिएटरला तो पंखा देऊ शकत नाही. म्हणून पंख्याला स्वतंत्र मोटर मिळाली. आणि मोटर मिळाली म्हणून त्याला थांबण्याची सोय मिळाली. गरज असेल तेव्हाच फिरायचे, नसेल तेव्हा थांबायचे. आत्ता तुमच्यासमोर पंखा स्थिर उभा आहे, त्याकडे या नजरेने एकदा पाहा. तो आपले काम करतो आहे.

आठ-दहा मिनिटे झाली असतील. वरच्या होजला बोट लावा. कोमट... आणि मग जवळजवळ एकाएकी गरम. दार उघडले. काट्याकडे पाहा, मधल्या रेघेजवळ आलेला दिसेल. होज गारच राहिला आणि काटा चढतच चालला तर इथेच गाडी बंद करा. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे. अशा वेळी कित्येक गाड्यांत पंखा मुळीच फिरत नाही, कारण त्याचा स्विच रेडिएटरमध्ये असतो आणि तापलेले पाणी तिथवर पोचतच नाही. इंजिन पेटत असते आणि पंख्याला कोणी कळवलेलेच नसते.

आता फक्त बसायचे. हा सर्वांत कठीण भाग आहे. हात काहीतरी करू पाहतो: एखादी वायर हलवून बघू, ॲक्सिलरेटर दाबून बघू. दाबू नका. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. शेतात घट मांडतात, भोवती धान्ये मांडतात आणि रात्रभर तिथे कोणी फिरकत नाही. पहाटे जाऊन काय हलले, काय जागच्या जागी राहिले ते वाचतात. शेकडो वर्षांची रीत आहे. भाकितांचा वाद मी इथे काढत नाही. मला त्यातली मधली रात्र मोलाची वाटते, मांडून झाल्यावर हात न लावता राहण्याची.

गळ्यात दुपट्टा असेल तर सोडून बाजूला ठेवा. बाह्या वर घ्या. आता पंखा कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतो. काही गाड्यांत तर इंजिन बंद केल्यावरही सुरू होतो. पात्यांच्या आसपास हात नको.

समजा पंधरा मिनिटे झाली, वीस झाली. काटा मधली रेघ ओलांडून वर गेला, लाल पट्टा दिसू लागला आणि पंखा हललाच नाही. गाडी बंद करा. घाबरू नका, आज घाट नाही, मागे हॉर्न वाजवणारे कोणी नाही. चिखली रस्त्यावर वायरिंगचे काम करणारे एक मिस्त्री होते. पहिल्यांदा माझी गाडी अशीच तापून त्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा मी तिथल्या तिथे नवीन मोटर आणायला निघालो होतो. ते म्हणाले, "सर, थांबा ना जरा. पंखा काई पयून नाई चालला. त्याले हुकूम भेटला का नाई, ते पाहू आधी."

त्याले हुकूम भेटला का. त्या दिवसानंतर मी पंख्याकडे वेगळ्या तऱ्हेने पाहू लागलो. पंखा आज्ञेत राहणारा आहे. तो स्वतःहून काही ठरवत नाही. तो फिरला नाही तर प्रश्न त्याच्यापासून मागे, हुकूम जिथून निघतो तिथवर, पावलापावलाने न्यायचा असतो.

त्यांच्याकडे हत्यार म्हणजे बारा व्होल्टचा एक छोटा बल्ब आणि त्याला लावलेल्या दोन वायरी. आधी त्यांनी फ्यूज पाहिला. फ्यूज शाबूत होता, तरी तो काढून त्यांनी टोकांकडे बोट दाखवले: हिरवट पूड. घासून परत बसवला. मग स्विच. बहुतेक जुन्या गाड्यांत रेडिएटरच्या टाकीत किंवा थर्मोस्टॅटजवळ एक पितळी स्विच असतो. आत दोन धातूंची एकजीव चकती असते. तापली की एक धातू जास्त फुगतो, चकती टचकन उलटी वाकते आणि करंट जोडला जातो. इस्त्रीत ऐकू येणारी टिक याच युक्तीची. गाडीगणिक ९० ते १०० अंशांच्या दरम्यान कुठेतरी तिची वेळ ठरलेली असते. मिस्त्रींनी स्विचचे कनेक्टर काढले, त्यातली दोन टोके वायरीच्या तुकड्याने जोडली आणि मला चावी फिरवायला सांगितली.

इथे वाट फुटते. पंखा फिरला तर मोटर ठीक, वायर ठीक, स्विचचा हुकूम मोटरला पोचवणारा रिले ठीक. हुकूम देणारा गप्प आहे. स्विच गेला असेल. किंवा, हे लक्षात ठेवा, स्विच ठीकच असेल पण त्याच्याभोवती पाणी नसून हवा असेल. पाणी कमी झाले की स्विच कोरडा पडतो, आणि वाफेत तो गरम पाण्यासारखा जागा होत नाही. काट्याला खबर देणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत वेगळा असतो, म्हणून काटा एक सांगतो आणि पंखा दुसरेच मानतो. इंजेक्शनच्या, संगणकावर चालणाऱ्या गाड्यांत मात्र हा वायर जोडण्याचा प्रयोग करू नका. तिथला सेन्सर नुसती चालू-बंदची खूण देत नाही, आणि एक चुकीची जोडणी महागात पडते.

पंखा फिरला नाही तर पुढचे पाऊल, मोटरला सरळ बॅटरीवरून करंट. फिरली, तर दोष मधल्या रस्त्यात: रिलेची टिक ऐकू येते का, वायर कुठे कुरतडली आहे का, आणि सगळ्यांत आधी अर्थ. बॉडीला स्क्रूने कसलेली ती काळी वायर. तिच्याखाली गंज धरला की करंटला परतीची वाट राहत नाही. माझ्या गाडीत तेच निघाले. दहा पैशांच्या कामासाठी मी मोटर बदलणार होतो. सरळ करंट देऊनही मोटर फिरली नाही, तर तिच्या पाठीवर पान्याच्या मुठीने हलकेच टकटक करा. दचकून फिरू लागली तर आतले कार्बन झिजले आहेत. ती टकटक दुरुस्ती नाही, तेवढ्याने ती घरापर्यंत पोचवेल एवढेच.

आणखी एक, जे मी पुस्तकात आधी वाचले आणि नंतर डोळ्यांनी पाहिले. पंखा फिरतो, जोरात फिरतो, पण उलटा. कोणीतरी मोटर बदलताना दोन वायरी अदलाबदल करून जोडलेल्या. मग तो आतली गरम हवा पुढे ढकलतो आणि चालत्या गाडीत समोरच्या वाऱ्याशी भांडतो. रेडिएटरच्या पुढच्या अंगाला वर्तमानपत्राचा तुकडा धरा. पंखा इंजिनाच्या बाजूला असेल तर कागद जाळीला चिकटायला हवा.

आता चावीबरोबरच फिरू लागणाऱ्या पंख्याचे राहिलेले बोलतो. अनेक वर्षांपूर्वी लग्नसराईत गाडी रस्त्यात तापली आणि एका गॅरेजमध्ये तासाभरात 'बरी' करून मिळाली. पंखा डायरेक्ट केला होता, चावी फिरवली की सुरू आणि काढली की बंद. आणि थर्मोस्टॅट काढून टाकला होता, "आपल्या इकडं त्याचं काई काम नाई" असे सांगून. मला तेव्हा ते शहाणपणाचे वाटले. काटा कायम खाली. मी निर्धास्त. पुढच्या हिवाळ्यात काटा मधल्या रेघेपर्यंत पोचेना, सकाळी चोक सोडवेना, पेट्रोल जास्त जाऊ लागले, तेल लवकर काळे पडू लागले. दिवसभर विनाकारण फिरून मोटरचे कार्बन झिजले आणि ती मेमध्ये, ऐन गरजेला बसली. पण माझे खरे नुकसान याहून वेगळे होते. त्या दोन वर्षांत गाडीने मला काहीच सांगितले नाही. पाणी कमी होत होते, रेडिएटर बुजत होता, आणि सतत फिरणाऱ्या पंख्याने ते सगळे झाकून ठेवले. ज्या दिवशी तो थांबला त्या दिवशी सगळे एकदम बाहेर आले, हेड वाकवूनच. मी ते गॅरेज वाईट म्हणत नाही, गर्दीच्या दिवशी गिऱ्हाईक रस्त्याला लावून देणे त्यांना भाग होते. ते तसेच चालू ठेवले ते मी. तुमची गाडी कोणी डायरेक्ट केली असेल तर एवढे करा, तिला तिचा स्विच परत द्या आणि थर्मोस्टॅट परत बसवा. दोन्ही मिळून फार मोठा खर्च नाही.

परत या. स्टुलावर नीट टेका. आपण सगळे तपासून झाले असे धरू. पाणी भरले, अर्थ घासला, स्विच बसवला. इंजिन चालू आहे. अंगणात ऊन उतरू लागले आहे. काटा मधल्या रेघेच्या किंचित वर. रेडिएटरवरून येणारी ऊब गुडघ्यांना लागते आहे. कूलंटचा तो थोडा गोडसर वास येतो का? येत असेल तर कुठेतरी थेंब गळतो आहे, होजच्या क्लिपांखाली पाहा. नसेल येत, तर नुसते बसा. श्वास जसा चालला आहे तसा चालू द्या.

टिक.

रिलेचा आवाज बारीक असतो, चुकवू नका. त्यामागोमाग इंजिनाचा सूर क्षणभर खाली जातो, मोटरने करंट ओढला म्हणून. मग पाती हलतात, दिसेनाशी होतात, आणि वाऱ्याचा एक भरीव, सलग आवाज सुरू होतो. घरघर आहे का? खरखर? बेअरिंग थकले असेल तर ते आत्ता बोलेल. कागद धरा. चिकटला? काट्याकडे पाहा. तो आत्ता खाली येताना दिसणार नाही. मनात साठ मोजा, हळू. आता पाहा.

मिनिट-दीड मिनिटात पंखा थांबेल. पात्यांचा वेग उतरत जाऊन ती पुन्हा एकेक मोजता येतील. किती वेळ फिरला, लक्षात ठेवा. पुन्हा थोडी वाट पाहा, तो परत येईल. फिरणे थोडे आणि थांबणे त्याहून जास्त असले, तर रेडिएटरला श्वास आहे. फिरतच राहिला, थांबायलाच तयार नसला, तर हुकूम मिळतो आहे, पंखा राबतो आहे, आणि पाणी मात्र गार होत नाही. त्या पांढऱ्या थराकडे परत जावे लागेल.

दुसऱ्यांदा थांबला की चावी काढा. झाकण उघडू नका, बाटलीतही पाणी घालू नका. बॉनेट उघडेच राहू द्या, धातू गार होताना टिकटिक करेल. बाटलीवर पेनाची खूण आहे. पाणी आत्ता तिच्या वर दिसेल, तापलेले पाणी फुगून तिथे येते. उद्या सकाळी सहाला, इंजिन पाट्यासारखे गार झाल्यावर, ते खुणेला परत आले आहे का ते येऊन पाहा.